टोपवाल्याची पांढरी दोन

माझ्या सासऱ्यांनी व्हिएन्नाच्या एका थोर संगीतकाराला पहिल्याच आठवड्यात बेसूर ठरवलं. नुसतं ठरवून थांबले असते तर मी गिळलं असतं. नव्या नवरीला बरंच काही गिळावं लागतं. पण ते त्याला दुरुस्त करायला निघाले.

आता व्हिएन्नाचा माणूस आणि श्रीवर्धनच्या खालचं आमचं सुपारीच्या वाड्यांचं गाव यांची गाठ कशी पडली, ते आधी सांगते. मी मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले. तिथे पियानो शिकवायला एक इंग्रज बाई होत्या. माझ्या बोटांना पियानो काही वश झाला नाही, पण कानाला मात्र चटक लागली. बाईंना या एकाच संगीतकाराचं वेड. माणूस जाऊन दीडएकशे वर्षं झालेली, पण बाई त्याच्याबद्दल शेजारच्या बिऱ्हाडासारखं बोलायच्या. आणि त्यातही हट्ट असा, की त्याचं संगीत त्याच्या काळातल्या वाद्यांवर वाजवलेलंच ऐकायचं. आजचा पियानो म्हणजे लोखंडी सांगाड्याचं धूड, म्हणायच्या. त्यानं ज्याच्यावर बोटं फिरवली तो लहान, लाकडी, बारीक तारांचा. त्याचा सूर उमटतो आणि लगेच विरतो. त्याचं गाणं आजच्या पियानोवर वाजवणं म्हणजे कोकराच्या गळ्यात बैलाची घंटा. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. त्या काळी सगळा सूरच आजच्यापेक्षा जरा खाली होता, जवळजवळ अर्धा सूर. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिनं आमच्या घरात फार उलथापालथ केली.

देश स्वतंत्र झाला आणि बाई मायदेशी निघाल्या. जाताना त्यांनी मला चावीचा ग्रामोफोन आणि तीन तबकड्या दिल्या. माझ्या आईला वाटलं होतं, कपबश्या देतील. पुढे लग्न ठरलं तेव्हा रुखवतात लाडू-करंज्यांशेजारी तो कर्णा तोंड वासून बसला होता. नवरा मुंबईत छापखान्यात, सासू नाही, गावात सासरे एकटे. त्यांना दोन वेळचं गरम मिळावं म्हणून माझी रवानगी गावाला झाली. नवरा शिमग्याला आणि गणपतीला बोटीनं यायचा, खायचा, झोपायचा आणि जायचा.

मामंजी म्हणजे पंचक्रोशीतले भजनी बुवा. त्यांची ओळखच ‘पांढरी दोनचे बुवा’. पेटीच्या पट्ट्यांना आमच्याकडे असे आकडे आहेत. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, अशा त्या चढत जातात. बुवानं कुठल्या पट्टीला आपला सा धरला, त्यावर त्याची पत. जितकी पट्टी वर तितकं नाक वर. कुणाच्या मिशीला मान असतो, कुणाच्या पागोट्याला. आमच्याकडे बुवाच्या पट्टीला. माणूस शेत विकेल, पण पट्टी उतरवणार नाही.

पहिल्याच आठवड्यात मी एक तबकडी लावली आणि आपली कौतुकानं म्हणाले, “मामंजी, ही तबकडी तुमच्या पांढरी दोनचीच आहे हो. कागदावर इंग्रजीत ‘डी’ छापलंय, म्हणजे तीच.”

झालं. मामंजींनी पेटी ओढली, भाता हलवला, पांढरी दोन दाबली आणि तोंड असं केलं जसं काही कढीत खडा लागला. मग बोट डावीकडच्या काळीवर सरकवलं.

“ह्यो बघ. तुझा टोपवाला काळी एकवर घसरलाय.”

तबकडीच्या वेष्टनावर संगीतकाराचं चित्र होतं, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप घातलेलं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव टोपवालाच पडलं.

“घसरला नाही, तेव्हा सूरच—”

“एवढा मोठा टोप घातलान, आनि सूर धरता येत न्हाय?”

पुढचं ऐकून घेतील ते मामंजी कसले! दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर होते, आणि घरातून आवाज आला. माझी सगळ्यात लाडकी, सावकाश चालणारी धून दावं तोडलेल्या वासरासारखी उधळली होती. हंडा तिथेच टाकून मी धावले. बघते तर मामंजी अडकित्त्याच्या टोकानं ग्रामोफोनच्या वेगाचा स्क्रू पिळून मागे टेकून बसलेले. तबकडी वेगानं फिरली की सूर चढतो, एवढं त्यांनी बरोब्बर हेरलं होतं.

“आता बसला बघ पांढरी दोनवर,” म्हणाले. चेहऱ्यावर परोपकार.

मी नवी नवरी आहे हे साफ विसरले. “उद्या तुमचा अभंग मी असा पळवला तर चालेल?” असं ओरडले, आणि वर ‘अडकित्ता सुपारीला वापरावा, माणसांना नव्हे’ असंही काहीतरी बोलले.

“माझा अभंग घसरत न्हाय,” ते म्हणाले.

त्यानंतर आमचा अबोला. मध्ये निरोप्याचं काम कुंपणापलीकडच्या खालाकडे आलं. खाला म्हणजे आमची मुसलमान शेजारीण. तोंडाची फटकळ, मनाची लोणी. मामंजी समोर पाटावर बसलेले असायचे आणि मी म्हणायचे, “खाला, त्यांना सांगा, भात वाढलाय.” मामंजी म्हणायचे, “तिला सांगा, मीठ जास्त हाय.” शेवटी खाला वैतागली. “या अल्ला, मी काय तार-ऑफिस हाय? एकमेकांच्या डोक्यात घाला ती तबकडी नि मोकळे व्हा!”

याच खालाच्या घरवाल्यामुळे माझा संग्रह वाढला. त्यांना सगळे खालू म्हणत. ते विलायतेला जाणाऱ्या बोटीवर भटारखान्यात होते. मी त्यांना एक इंग्रजी वाक्य पाठ करायला लावलं: या या संगीतकाराचं, त्याच्या काळच्या वाद्यावर वाजवलेलं, आजच्या नको. बोट एडनला पोचेपर्यंत त्या वाक्याची बरीच झीज झाली असावी. तिकडच्या दुकानात खालूंनी ‘मेलेल्या माणसाचं, जुनं’ एवढंच सांगितलं, आणि दुकानदारानं बिचाऱ्यानं सहानुभूतीनं त्यांना प्रेतयात्रेचा बँड बांधून दिला. इतक्या लांबून गाद्यांच्या घडीत जपून आणलेली ती तबकडी लावली आणि खालाच्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

पुढच्या खेपेला टोपवाला आला खरा, पण आजच्या पियानोवर. पहिल्याच सुराला मी ओळखलं आणि सगळ्यांदेखत रडले. खालूंना फार लागलं ते. तिसऱ्या खेपेला ते दुकानात ठाण मांडून बसले आणि एकेक तबकडी लावून घेतली. “जो दुकानभर घुमेल तो परत ठेवायचा,” मला म्हणाले. “किनकिन वाजंल, तो आपला.” इतकी सोपी कसोटी बाईंनीही सांगितली नव्हती. मग मात्र दरवर्षी एखाददुसरी तरी खरी तबकडी यायची. बदल्यात मी खालूंच्या बोटीवरच्या दोस्तांना पोह्याचे पापड, आमसुलं आणि मामंजींच्या वाडीतली सुपारी धाडायची. वाडी मामंजींची, हे त्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही.

पुढे नव्या तऱ्हेच्या, सावकाश फिरणाऱ्या मोठ्या तबकड्या आल्या. त्या माझ्या यंत्रावर लागेनात. तरी मी त्या मागवल्या आणि ट्रंकेत घालून ठेवल्या. कधीतरी गावात वीज येईल तेव्हा ऐकू. अबोला तोवर केव्हाच मिटला होता, त्याची जागा रोजच्या टोमण्यांनी घेतली होती.

“ऐकता येत न्हाय ती गाणी जमवत्येस?” मामंजी म्हणाले. “झकास. सूर तरी घसरत न्हाय.”

खरं सांगायचं तर मला त्या भांडणाची सवय झाली होती. घरात दोनच माणसं. सकाळी मी टोपवाल्याला चावी द्यायची, त्यांनी ओटीवरून “घसरला!” म्हणून ओरडायचं, मी आतून काहीतरी फेकायचं, शब्दच बरं का, आणि मग चहा. संध्याकाळी मंडळी जमायची, पेटी, पखवाज, टाळ, आणि मामंजींचा आवाज सुपारीच्या शेंड्यांवरून पार बंदरापर्यंत जायचा. वर गेला की तिथे उभा राहायचा तो आवाज. मी चुलीपाशी बसून ऐकायची. त्यांना कधी सांगितलं नाही, पण मला तो फार आवडायचा.

मग काही वर्षांनी तो फाटायला लागला.

आधी मामंजी खोकून वेळ मारून न्यायचे. कधी पखवाजाला लावायच्या पिठाचा दोष, कधी माझ्या फोडणीचा. मी फोडणी बंद करून पाहिली, खोकला काही बंद झाला नाही. अभंगाच्या वरच्या जागेला गेले की आवाज चिरकायचा आणि मंडळी एकदम टाळ मोठ्यानं वाजवायची, ऐकू येऊ नये म्हणून. माया होती हो सगळ्यांची.

त्या वर्षी हरिहरेश्वरला महाशिवरात्रीच्या उत्सवात बारी ठरली. बारी म्हणजे दोन भजनी मंडळ्या समोरासमोर बसून आळीपाळीनं गातात. आमच्यासमोर माणगावकडची मंडळी होती. तालमीत मामंजींचा आवाज दोनदा तुटला. त्यांचा चुलत पुतण्या टाळ धरायचा. तिशीचा गडी, आवाज खणखणीत, आणि ते त्याला पुरतं ठाऊक. तो अगदी हळू म्हणाला, “काका, यंदा तुमी नुसते टाळ धरा. गायचं मी बघतो.”

 मंडळी गेल्यावर मामंजींनी पेटीला फडकं गुंडाळलं आणि ती माळ्यावर चढवली.

“यंदा बारीला न्हाय जायचा. गुडघा दुखतोय.”

“गाणं काय गुडघ्यानं म्हणायचंय?” मी म्हणाले.

त्यांनी उलट उत्तर दिलं नाही.  इतक्या वर्षांत माझं एक वाक्य त्यांनी असं मोकळं सोडलं नव्हतं. ताटातला भात तसाच राहायला लागला. सकाळी मी टोपवाला लावला तर ‘घसरला’ म्हणून हाक येईना. घर मुकं झालं. मला त्या मुकेपणाची भीती वाटायला लागली. या माणसाचं गाणं गेलं तर माणूसही जाईल, अशी मला खात्रीच झाली.

मी आधी सरळ बोलून पाहिलं. “मामंजी, अर्धी पट्टी उतरवा. काळी एक घ्या. कुणाला कळणार आहे?”

“सगळ्यांना कळंल. लोक म्हनतील, बुवा म्हातारा झाला.”

“झालातच की!”

ते उठून वाडीत गेले आणि शिंपण्याच्या नावाखाली जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो हा असा. सरळ बोटानं तूप निघणार नव्हतं.

मी यंत्रावर लागणाऱ्या तबकड्यांची चळत पुढे ओढली. पांढरी दोनची म्हणून छापलेल्या तेवढ्या तबकड्या बाजूला काढल्या. मामंजी वाडीत असताना माळ्यावरची पेटी उतरवून प्रत्येक तबकडी तिच्याशी ताडून पाहिली. बाई म्हणाल्या होत्या ते ‘जवळजवळ’ अर्धा सूर. आता त्या जवळजवळनं घात केला. टोपवाला काळी एकच्या जरासा वर, दोन पट्ट्यांच्या फटीत लोंबकळत होता. माझ्या कामाला असा लोंबकळणारा चालणार नव्हता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली, अडकित्ता घेतला आणि स्क्रू केसभर ढिला केला. बसला पठ्ठ्या काळी एकवर.

दुपारी मामंजी आले. मी कपाळाला हात लावून बसलेली.

“मामंजी, यंत्र बिघडलं वाटतं. जरा सूर बघता का पेटीवर?”

“माझी पेटी माळ्यावर—” म्हणेपर्यंत पेटी त्यांच्या मांडीशी. त्यांनी भाता हलवला. “काळी एक,” म्हणाले. मी दुसरी तबकडी लावली. “काळी एक.” तिसरी. “काळी एक. सगळेच घसरलेत? टोपवाल्याच्या मुलखात कुनाला काय सूर हाय की न्हाय?”

“सगळे कसे घसरतील?” मी म्हणाले. “वाजवणारे वेगळे, वाद्यं वेगळी, तबकड्या वेगळ्या. पण वाद्यं टोपवाल्याच्या काळची. त्या काळची पांढरी दोनच ही. तेव्हा सूर इथेच होता. नंतरच्यांनी चढाओढ करून तो वर चढवला.”

“चढवला त्यांनी. आपला काय संबंध?”

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. “ही तुमची पेटी आली कुठून, मामंजी?”

“मुंबईसून.”

“आणि मुंबईला?”

त्यांनी पेटीकडे पाहिलं. पेटी मुळात विलायतेची, हे भजनी माणसाला सांगावं लागत नाही.

“म्हणजे साहेबानं सूर चढवला,” मी म्हणाले, “आणि चढवलेल्या सुराची पेटी आपल्या गळ्यात घातली. साहेब गेला. सूर तेवढा चढलेला राहिला.”

 मामंजींचं बोट काळी एकवर गेलं, आणि त्यांनी अगदी हळू, जिभेवर मीठ ठेवून पाहावं तसा, ‘आ’कार लावला. वर गेले. आवाज फाटला नाही. मी चुलीकडे तोंड फिरवलं आणि नसलेला धूर डोळ्यांतून पुसत बसले.

संध्याकाळी मंडळींना बोलावणं गेलं. ओटीवर पखवाजवाले, टाळकरी, पुतण्या, सगळे रांगेनं बसले आणि मामंजींनी मला फर्मावलं, “लाव तो.” आमच्या भजनी मंडळीनं व्हिएन्नाचा टोपवाला मांडी घालून ऐकला. “ह्यात सबूद कुठं हायत?” एकानं विचारलं. “किती बारीक वाजवतोय, ताप आलाय काय त्याला?” दुसऱ्यानं. पखवाजवाल्याची बोटं मात्र आपोआप गुडघ्यावर चालायला लागली होती. मग मामंजींनी माझंच भाषण, माझ्यादेखत, स्वतःचं म्हणून ठोकलं. साहेबाचं नाव तर इतक्या त्वेषानं घेतलं की मला वाटलं आता मोर्चाच निघतो.

“तवा आजपास्नं आपली मंडळी जुन्या पांढरी दोनवर गानार!”

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वात नीट करत होते. तो शहाणा होता, टाळ उचलून मोकळा झाला. आणि गंमत म्हणजे पखवाजवाल्यानंच मोठा सुस्कारा सोडला. “बरं झालं, बुवा. त्या वरल्या सुरात गजर म्हनून म्हनून माझ्या नरड्याची चाळन झालीवती.” मग दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही. गेली कित्येक वर्षं अख्खी मंडळी नरडी ताणत होती आणि बुवांचा मान म्हणून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

बारीच्या दुपारी देवळासमोर मांडव गच्च भरला होता. मी बायकांत बसले. माणगावकडचे बुवा चांगले ताठ, वरच्या पट्टीत गाऊन बसले. मामंजींनी पेटीवर काळी एक धरली तसा त्यांच्यातला एकजण मोठ्यानं म्हणाला, “काय बुवा, पट्टी उतरली वाटतं?”

मांडवात हशा. मला वाटलं, आता उठून जातील की काय!

मामंजींनी मान वर केली. “उतरली न्हाय. जुनी हाय ही पांढरी दोन. साहेबानं बिघडवायच्या आधीची. तुमच्याकडं अजून पोचली न्हाय?”

 साहेबाची बाजू घेणार कोण? तेवढ्यात मामंजींनी अभंग उचलला. चढले, आणखी चढले, आणि वरच्या जागेला पोचून तिथे उभे राहिले. पूर्वीसारखेच. आमच्या मंडळीनं टाळ मोठे वाजवले नाहीत; उलट हात आखडते घेतले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. माझ्या शेजारची बाई विचारत होती, “कोन हो हे बुवा?” मी म्हणाले, “माझे सासरे,” आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की पुढच्या चार बायकांनी मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. कालचे हारतुरे खुंटीला होते. मी चहा ठेवला तर म्हणाले, “सूनबाय, लाव तो टोपवाला.” इतक्या वर्षांत घरात दुसरं कुणी नसताना त्यांनी आपणहून मागितलेला तो पहिलाच. मी ती सावकाश चालणारी धून लावली. ते सोलायचं थांबून शेवटपर्यंत ऐकत राहिले. सुई घरघरायला लागली, मी ती उचलली.

“ह्यो गायचा काय गो?”

“नाही, मामंजी. वाजवायचा, आणि लिहायचा.”

“म्हंजे गळ्याचा सवाल न्हवता त्याला.”

“नव्हता.”

“कुठली जागा फाटायची भीती न्हाय. कुनी पोरगा टाळ धरा म्हनून सांगनारा न्हाय.”

 त्यांना सगळंच कळलं होतं. मला वाटतं, पहिल्या तबकडीलाच कळलं होतं. त्यांनी सुपारी उचलली, फिरवून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“मग सूर खाली ठेवायची त्याला काय गरज? माझ्यासाठीच ठेवलान म्हनायचा.”